उष्णता किती, आणि थांबते कुठे? हीटिंग पॅनेलचा दीडशे वर्षांचा प्रवास

कशेडी घाटाखालच्या गावांत पावसाळा म्हणजे चार महिने ओले कपडे. आता बोगदा झाला, गाड्या घाट न चढताच खेडकडे निघून जातात; पण दोरीवरचा टॉवेल अजून तीन दिवस वाळत नाही. आमच्याकडे लहानपणी चुलीच्या वर दोरी असायची. कपड्यांना धुराचा वास यायचा, पण ते कोरडे व्हायचे. पुढे गॅस आला, चूल गेली, आणि वाळवण्याचा प्रश्न तसाच राहिला. मग कुणीतरी विजेची कॉईलची शेगडी आणली.

२२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं तेव्हा मावशीचं घरही बुडालं. पाणी ओसरलं, चिखल काढला, काही दिवसांनी वीज परत आली. भिंती ओल्याच. मावशीने जमिनीवर कॉईलची शेगडी लावली आणि वरच्या दोरीवर गोधड्या, टॉवेल टाकले. एक ओला टॉवेल घसरून शेगडीवर पडला. ती अनवाणी होती, फरशी ओली होती, आणि तिने टॉवेल हाताने ओढला. जोरात झटका बसला, ती मागे पडली. नशीब, मागे पडली. टॉवेलची एक कडा तोवर काळी पडून धुमसत होती.

मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षात होतो. विषय होता पातळ, जोडता येतील अशी विजेची हीटिंग पॅनेल: दमट घरात भिंतीला लावता येतील, कपडे वाळवता येतील, आणि वर टॉवेल पडला तरी काही होणार नाही अशी. मॅडमना हा प्रसंग सांगितला. त्यांनी विचारलं, "यात चूक नेमकी कोणाची? मावशीची, शेगडीची, की घराची?" मी म्हटलं, शेगडीची. त्या म्हणाल्या, "मग शेगडी अशी का आहे ते शोधून आण. डिझाईन नंतर."

हा लेख म्हणजे त्या शोधाचा सारांश. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण 'पूर्वसंशोधनाचा आढावा' म्हणजे वीस पेपरांची यादी असं मलाही वाटायचं. तसं नसतं. प्रत्येक जुन्या डिझाईनमध्ये कुणीतरी एक प्रश्न सोडवलेला असतो आणि दुसरा वापरणाऱ्यावर सोपवलेला असतो. तो दुसरा प्रश्न सापडला की आपलं काम सुरू होतं.

वीज इथली, ऊब दुसरीकडची

महाडकरांना १९२७ म्हटलं की चवदार तळं आठवतं, आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षी, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा इथलं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. त्याआधी १९१५मध्ये खोपोलीचं झालं होतं. भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणातून जवळपास अर्धा किलोमीटर उंचीवरून खाली येतं. त्या धरणात गावं जाणार म्हणून १९२१ ते १९२४ दरम्यान मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. धरण झालंच. वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे, रेल्वेकडे, घरांकडे गेली.

हे इथे सांगण्याचं कारण भावनिक नाही. विजेचा हिटर हे उपकरण ज्या घरांसाठी घडलं ती घरं वेगळी होती: थंड हवा, लाकडी किंवा गालिचा टाकलेली कोरडी जमीन, पायात बूट. आपल्याकडे वीज घरोघरी पोहोचली तेव्हा हे उपकरण तयार होऊन बसलं होतं. शेणाने सारवलेली जमीन, अनवाणी पाय आणि भिंतीला ओल अशा घरात ते कसं वागेल, हा प्रश्न ते घडवताना कुणापुढे नव्हता. उपकरणाबरोबर त्याची गृहीतकंही आयात होतात, हा पहिला धडा.

जूलने काय सांगितलं, आणि काय नाही

१८४१मध्ये इंग्लंडच्या सॅलफर्डचा जेम्स जूल याने दाखवून दिलं, की तारेतून वीज वाहिली की निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या पटीत असते. रशियात लेन्झ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. हे सूत्र आपण अकरावीत पाठ करतो.

आता नीट बघा. हे सूत्र उष्णता किती *तयार* होते ते सांगतं. तापमान किती होईल ते सांगत नाही. तापमान ठरतं ती उष्णता बाहेर कशी पडते त्यावर.

आपल्याकडची साधी १००० वॅटची शेगडी घ्या. २३० व्होल्टला तिच्यातून साधारण ४.३ अँपिअर वाहतात, कॉईलचा रोध ५३ ओहमच्या आसपास. हजार वॅट एका बारीक तारेतून बाहेर पडायचे, म्हणून तार लालभडक होते. तेच हजार वॅट मोठ्या भिंतीभर पसरले तर भिंत हाताला नुसती कोमट लागेल. उष्णता तीच, तापमान वेगळं.

आणि त्या कॉईलवर टॉवेल पडला तर? रोध जवळपास तोच राहतो, म्हणून उष्णताही तेवढीच तयार होत राहते. फक्त तिचा बाहेर जायचा रस्ता अडतो. मग तापमान चढतं. सुती कापड पेटायला सुमारे ४०० अंश सेल्सिअस पुरतात, आणि लाल तार त्याच्या कितीतरी वर असते. शेगडीला टॉवेल पडल्याचं कळत नाही. कळण्याची जबाबदारी मावशीवर.

पहिलं पॅनेल: १८९२

मला वाटायचं, पॅनेल ही आजची कल्पना आहे. तसं नाही निघालं. १८९२च्या सुमारास ब्रिटनमध्ये आर. ई. बी. क्रॉम्प्टन आणि डाऊसिंग यांनी जो हिटर केला तो चक्क सपाट पाटाच होता. बिडाची चौकोनी प्लेट, तिच्यावर तार पसरलेली, आणि वरून तारेला एनॅमलचा थर. (हा क्रॉम्प्टन तरुणपणी लष्करातून हिंदुस्थानात आला होता आणि इथल्या रस्त्यांवर वाफेच्या गाड्या चालवण्याचे प्रयोग त्याने केले होते.)

म्हणजे विजेच्या हिटरची सुरुवातच पातळ, झाकलेल्या, पसरट रूपात झाली. मग ते टिकलं का नाही? कारण तार, एनॅमल आणि बीड तापल्यावर सारखे फुगत नाहीत. तापव, थंड कर, तापव, थंड कर असं चाललं की थराला चिरा जातात. त्यात तेव्हाच्या तारा तापवल्या की हवेत गंजून तुटायच्या. सुरक्षित आकार हाती होता, पण त्याला साथ देणारा पदार्थ नव्हता.

नायक्रोम: यश आणि वळसा

तो पदार्थ १९०६मध्ये आला. अमेरिकेच्या अल्बर्ट मार्शला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं, तेच पुढचं नायक्रोम. साधारण ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. रोधकता तांब्याच्या जवळजवळ ६५ पट, वितळणबिंदू १४०० अंशांच्या आसपास. पण खरी गंमत वेगळीच. तापल्यावर तारेवर क्रोमियम ऑक्साईडचा बारीक, चिकट थर बसतो आणि तोच तारेला पुढच्या गंजापासून वाचवतो. तार स्वतःचं कवच स्वतःच विणते म्हणा ना.

टोस्टर, इस्त्री, हिटर, सगळं यातून आलं. पण यशाचा एक परिणाम झाला. तार उघड्या हवेत लाल होऊनही टिकते म्हटल्यावर तिला झाकायची गरजच संपली. झाकलेला, पसरट पाटा मागे पडला आणि उघडी लाल कॉईल पुढे आली: स्वस्त, सोपी, चटकन तापणारी. आपली मातीच्या पांढऱ्या चकतीतली शेगडी याच घराण्यातली. कॉईल तुटली की दोन टोकं पिळून जोडायची आणि पुन्हा वापरायची, हे हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाने केलंय. तिथे कॉईल आखूड होते, रोध कमी होतो, वॅट वाढतात, आणि जोडाची जागा सगळ्यात जास्त तापते. आपण तिला 'दुरुस्ती' म्हणायचो.

संशोधन करणाऱ्याने इथे थांबावं. चांगला पदार्थ सापडला म्हणून सुरक्षित आकार सोडून दिला गेला, असं इतिहासात होऊ शकतं. पुढचं पाऊल नेहमी सगळ्याच बाजूंनी पुढे नसतं.

झाकण परत येतं, पण ओल लागते

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेच्या ख्रिस्तियन बॅकरने तार पुन्हा झाकली. धातूच्या नळीत मधोमध तार आणि भोवती घट्ट दाबलेली मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी. हा पदार्थ विजेला अडवतो आणि उष्णता बऱ्यापैकी जाऊ देतो. असे दोन्ही गुण एकत्र असलेले पदार्थ थोडेच. आपला गिझर, पाण्यातला रॉड, इलेक्ट्रिक किटली, सगळ्यांच्या पोटात हीच रचना असते.

हिचा एक स्वभाव कोकणात लगेच कळतो. मॅग्नेशियम ऑक्साईड ओल ओढतं. नळीच्या टोकाचं सील गेलं आणि रॉड दमट कपाटात पावसाळाभर पडून राहिला, की भुकटी ओली होते आणि तिचा विजेला अडवण्याचा गुण घटतो. मग गणपतीत पाणी तापवायला रॉड काढला की 'करंट मारतो'. लोक म्हणतात माल खराब. माल खराब असेलही, पण बऱ्याचदा ते हवेचं काम असतं.

थांबणं पदार्थाच्या आत

तोवर थांबण्याचं काम थर्मोस्टॅट नाहीतर फ्यूज करत होते, म्हणजे बाहेरून लावलेला पहारेकरी. पहारेकरी झोपू शकतो. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटतात. आणि मोठ्या पाट्यावर तो एकाच ठिकाणी बसवलेला असेल, तर दुसऱ्या कोपऱ्यावर उशी पडली तरी त्याला पत्ता लागत नाही.

१९५०च्या दशकात नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीतल्या संशोधकांनी एक वेगळाच पदार्थ हाताळला. बेरियम टायटनेट या सिरॅमिकमध्ये विशिष्ट अशुद्धी मिसळली की ते वीज वाहून नेतं, पण ठरावीक तापमान ओलांडलं की त्याचा रोध हजारो पटींनी वाढतो. मूळ बेरियम टायटनेटसाठी ते तापमान १२० अंशांच्या आसपास; मिश्रण बदलून ते वरखाली करता येतं. म्हणजे गरम झालं की ते स्वतःच वीज घेणं कमी करतं. पहारेकरी बाहेर नाही, विटेच्या आत.

हे तुम्ही पाहिलेलं आहे. डासांच्या वडीचं यंत्र रात्रभर चालू राहतं आणि पेटत नाही, कारण त्यात अशाच सिरॅमिकची छोटी चकती असते. माझ्या विषयाचा सगळ्यात जवळचा पूर्वज आमच्या घरात, पलंगाशेजारच्या प्लगमध्ये होता, आणि मी तो परदेशी पेपरांत शोधत होतो.

१९७०च्या दशकात हीच युक्ती प्लास्टिकमध्ये आली. पॉलिथिलीनमध्ये काजळीचे बारीक कण मिसळायचे. कण एकमेकांना टेकलेले असतात तोवर वीज वाहते. प्लास्टिक तापून फुगलं की कण दूर होतात, रोध वाढतो. थंड झालं की पुन्हा जवळ. थंड देशांत नळ गोठू नयेत म्हणून गुंडाळायच्या तारा अशा बनतात. मोठी गोष्ट ही, की प्रत्येक सेंटिमीटर आपापला निर्णय घेतो. टॉवेल जिथे पडला तेवढाच भाग मंदावतो.

झटक्याचं मोजमाप

आगीचा प्रश्न असा सुटत आला. झटक्याचा वेगळा होता, आणि तो समजून घ्यायला माणसांवर प्रयोग झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन मोजलं, की किती प्रवाहापर्यंत माणूस ती स्वतःहून सोडू शकतो. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची सुमारे १०.५. जवळजवळ सगळ्यांना, म्हणजे ९९.५ टक्के जणांना, सोडता येईल अशी मर्यादा पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ धरली गेली. १९६१मध्ये त्यांनीच सुमारे ५ मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारं उपकरण तयार केलं. आपल्याकडे घरांत बसवतात तो आरसीसीबी याच वर्गातला, बहुधा ३० मिलिअँपिअरचा.

आकडे नुसते वाचू नका, कोणाचे आहेत ते बघा. स्त्रिया पुरुषांच्या पाचव्या हिश्शाइतक्याच, आणि त्यांचीच मर्यादा खालची. आमच्या घरात हिटरशी रोज ज्यांचा संबंध येतो ते कोण? मावशी, आजी, आई. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर होतात. मावशी मागे फेकली गेली, टॉवेल तिच्या मुठीत अडकून राहिला नाही, म्हणून ती आज आहे. तिच्या घरच्या जुन्या बोर्डवर आरसीसीबी नव्हता.

पातळ, सुरक्षित, जोडता येणारं: तिन्ही एकदम?

आता माझ्या पॅनेलकडे येतो. १९६०च्या दशकात पॉलिइमाईडची फिल्म आली, उष्णता सोसणारी आणि कागदासारखी पातळ. दोन फिल्मांच्या मध्ये धातूचा वर्ख नक्षीसारखा कोरला की अर्ध्या मिलिमीटरहून पातळ हिटर तयार. क्रॉम्प्टनचा पाटा सत्तर-ऐंशी वर्षांनी परत आला, या वेळी न चिरणाऱ्या थरासह.

माझं पॅनेल ६० बाय ६० सेंटिमीटरचं. पृष्ठभाग किती तापू द्यायचा? १९४७मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी त्वचा किती वेळात भाजते ते मोजलं होतं: ६० अंशांना सुमारे ५ सेकंद, ४४ अंशांना सुमारे सहा तास. मी ५० अंश धरले. खोली २५ अंशांची असेल तर एका बाजूने साधारण ९० वॅट बाहेर पडतात. तेच पॅनेल स्थिर रोधाचं असेल, त्यावर गोधडी पडली आणि उष्णता जायचा रस्ता चौपट अरुंद झाला, तर फरक २५चा १०० अंश होतो. पृष्ठभाग १२५ अंशांवर. म्हणून स्वतः मंदावणारा पदार्थ हवाच. इथवर मी खूश होतो.

मग मॅडमनी विचारलं, "गळती काढलीस का?" मी म्हटलं, फिल्म अखंड आहे, गळती कशी होईल? त्यांनी फळ्यावर दोन समांतर रेघा काढल्या. कपॅसिटर.

हिशोब करा. धातूचा वर्ख ०.२ चौरस मीटर, फिल्म ५० मायक्रोमीटर, मागे अर्थिंग केलेला पत्रा. धारकता येते सुमारे १२० नॅनोफॅरड. वर्खाच्या एका टोकाला २३० व्होल्ट आणि दुसऱ्याला शून्य, म्हणून सरासरी निम्मी धरली, तर ५० हर्ट्झला जवळपास ४.३ मिलिअँपिअर गळती. कुठेही चीर नाही, ओल नाही, दोष नाही, तरीही. फिल्म जितकी पातळ तितकी गळती जास्त. आणि अशी चार पॅनेल जोडली की १७ मिलिअँपिअर, आठ जोडली की ३४च्या वर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडू शकतो. घरातली वीज सारखी जाऊ लागली की माणूस काय करतो? इलेक्ट्रिशियनला बोलावून आरसीसीबीच काढून टाकतो. म्हणजे माझं 'सुरक्षित' पॅनेल घराची उरलीसुरली सुरक्षितता काढून घेणार होतं.

माझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न त्या फळ्यावर मिळाला. पातळपणा गळती वाढवतो आणि जोडणी ती गुणत जाते. हे तीन शब्द एकमेकांचे मित्र नाहीत.

एक उत्तर म्हणजे विलग ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्ट देणं. गळती दहाव्या हिश्शाच्या आसपास येते, तिला जमिनीकडे परतायचा रस्ताही राहत नाही, आणि २४ व्होल्टला ओल्या हाताने हात लागला तरी मावशीसारखा प्रसंग येणार नाही. पण फुकट काही नसतं. आठ पॅनेलचे ७२० वॅट २३० व्होल्टला ३.१ अँपिअरमध्ये भागतात. २४ व्होल्टला ३० अँपिअर लागतात. तारा जाड, जोड मोठे, आणि खारट-दमट हवेत जोड काळवंडला की तापणार तोच. धोका फिल्ममधून निघून जोडात जाऊन बसतो. सध्या माझं काम त्या जोडावर चालू आहे. क्रॉम्प्टनने जशा चिरा मोजल्या असतील, तसे मी पावसाळाभर ठेवलेले जोड मोजतोय.

तुमच्यासाठी

संशोधनाचा विषय शोधत असाल तर एवढंच सुचवीन. तुमच्या क्षेत्रातलं एक साधं उपकरण घ्या आणि त्याच्या प्रत्येक टप्प्याला विचारा: इथे काळजी कोणावर सोपवली? उघड्या कॉईलने ती माणसावर सोपवली, बॅकरच्या नळीने सीलवर, थर्मोस्टॅटने एका संपर्कावर, सिरॅमिकने स्वतःवर घेतली. ज्या टप्प्याची काळजी तुमच्या गावातल्या हवेत, तुमच्या घरातल्या माणसांना पेलत नाही, तिथे तुमचा प्रश्न आहे. तो परदेशी पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात मिळेलच असं नाही.

मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आता वेगळं देतो. चूक मावशीची नव्हती, आणि एकट्या शेगडीचीही नव्हती. शेगडी ज्या घरासाठी घडली ते घर मावशीचं नव्हतं.

मावशीने ती शेगडी अजून टाकलेली नाही. माळ्यावर ठेवली आहे, "तुझं ते पॅनेल होईपर्यंत असू दे" म्हणते. बोर्डवर आरसीसीबी मात्र आम्ही बसवून घेतला.